वाचकांचे प्रश्न : संशोधकाची मूल्ये आणि संशोधनाचा निष्कर्ष

प्रश्न : मी समाजशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. संशोधकाने स्वतःची मूल्ये बाजूला ठेवून केवळ तथ्ये मांडावीत, असे आम्हाला संशोधनपद्धतीच्या तासाला शिकवले जाते. परंतु प्रबंधासाठी मी घरकामगार स्त्रियांचा विषय निवडला, तो त्यांच्यावर अन्याय होतो असे मला वाटते म्हणूनच. मग माझे संशोधन पहिल्याच पायरीवर दूषित झाले का? मूल्यनिरपेक्ष सामाजिक संशोधन खरोखर शक्य असते का?

उत्तर : आपले संशोधन दूषित झालेले नाही. विषयाची निवड मूल्यांमुळे होते, ही गोष्ट मूल्यनिरपेक्षतेचा आग्रह धरणाऱ्यांनीही नाकारलेली नाही. हा आग्रह ज्यांच्या नावाशी सर्वांत घट्ट जोडला गेला आहे, त्या जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यांनीच १९०४ मध्ये सामाजिक विज्ञानातील वस्तुनिष्ठतेवर लिहिलेल्या निबंधात असे प्रतिपादन केले होते, की सामाजिक वास्तवाला अंत नसतो, त्यातला कोणता भाग जाणून घेण्याजोगा आहे हे ते वास्तव स्वतः सांगत नाही, आणि म्हणून ते ठरवताना अभ्यासकाला आपल्या व आपल्या काळाच्या मूल्यांचाच आधार घ्यावा लागतो. ज्याला कशाचेच काही वाटत नाही, त्याला प्रश्नही पडत नाहीत.

वेबर यांचा आक्षेप होता तो ‘काय आहे’ याच्या अभ्यासातून ‘काय असावे’ हेही सिद्ध झाले, असा आव आणण्याला. त्या काळी जर्मनीत सामाजिक सुधारणांसाठी झटणारी अर्थशास्त्रज्ञांची एक वजनदार संघटना होती. तिच्या १९०९ च्या व्हिएन्ना येथील अधिवेशनात राष्ट्रीय अर्थव्यवस्थेच्या ‘उत्पादकते’वर चर्चा झाली, तेव्हा वेबर आणि अर्थशास्त्रज्ञ वेर्नर सोम्बार्ट यांनी कडाडून विरोध केला. उत्पादकता ही मोजण्याची गोष्ट म्हणून पुढे येते, पण तिच्या पोटात समाजासाठी काय चांगले याचा निवाडा आधीच दडवलेला असतो आणि प्राध्यापक तो निवाडा विज्ञानाच्या अधिकाराने देतात, ही त्यांची तक्रार होती.

यावरून वेबर राजकारणाबाबत उदासीन होते असे कोणी समजू नये. एल्ब नदीच्या पूर्वेकडील शेतमजुरांचा त्यांनी १८९० च्या दशकाच्या आरंभी मोठा अभ्यास केला होता. १८९५ मध्ये फ्रायबुर्ग विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानात, जर्मन राष्ट्राचे हित हाच आपला निकष असल्याचे उघडपणे सांगून, पोलिश मजुरांसाठी सीमा बंद करावी अशी मागणीही त्यांनी केली. ती मागणी आज अनेकांना खटकेल; मलाही खटकते. परंतु मजुरी, जमिनीची मालकी आणि स्थलांतर यांविषयी त्यांनी जे सांगितले ते खरे की खोटे, हे तपासण्यासाठी त्यांचा राष्ट्रवाद मान्य करावा लागत नाही, आणि तो अमान्य असल्याने ती माहिती खोटीही ठरत नाही. याच मुद्द्याला धरून १९०४ च्या निबंधात त्यांनी असे म्हटले होते, की पद्धतशीर दिलेला पुरावा बरोबर असेल, तर आमच्या नैतिक आग्रहांशी काडीचेही देणेघेणे नसलेल्या एखाद्या चिनी वाचकालाही तो बरोबर म्हणून मान्य करावा लागेल.

विषयनिवडीत मूल्ये, निष्कर्षात तथ्ये, अशी ही सरळ वाटणी पुरली असती, तर आपल्या पत्राचे उत्तर येथेच संपले असते. ती पुरत नाही, कारण निवड आणि निष्कर्ष यांच्या मधल्या टप्प्यावर संकल्पनांची व्याख्या करावी लागते आणि मूल्ये सर्वांत शांतपणे शिरतात ती तेथेच.

आपल्याच विषयाकडे पाहावे. दुसऱ्याच्या घरी पगार घेऊन स्वयंपाक करणारी स्त्री काम करते, यावर दुमत नाही. तीच स्त्री स्वतःच्या घरी तेवढाच वेळ तोच स्वयंपाक करते तेव्हा ते काम मोजायचे का? अर्थशास्त्रज्ञ सायमन कुझनेट्स यांनी १९३४ मध्ये अमेरिकेच्या सिनेटला राष्ट्रीय उत्पन्नाचा जो अहवाल सादर केला, त्यात गृहिणींच्या सेवा धरलेल्या नव्हत्या, आणि राष्ट्रीय उत्पन्नाच्या मापावरून राष्ट्राच्या कल्याणाचा अंदाज बांधणे कठीण आहे असा इशाराही त्याच अहवालात होता. इशारा मागे पडला आणि आकडा राहिला. एखाद्या पुरुषाने आपल्या घरकाम करणाऱ्या नोकर बाईशी लग्न केले तर राष्ट्रीय उत्पन्न घटते, ही विसंगती ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ आर्थर पिगू यांनी त्याहीपूर्वी, १९२० मध्ये, दाखवून दिली होती. स्वयंपाक तोच आणि करणारे हातही तेच, तरी हिशेब बदलतो. यात कोणी लबाडी केलेली नाही. बाजारात ज्याचा व्यवहार होतो ते मोजणे सोपे असते, हे कारणही खरे आहे. तथापि, सोपे काय यावरून महत्त्वाचे काय हे ठरू देणे, हादेखील एक मूल्यनिर्णयच आहे.

बेरोजगारीचेही तसेच. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या छत्राखाली १९८२ मध्ये भरलेल्या श्रमसंख्याशास्त्रज्ञांच्या परिषदेने जी व्याख्या स्वीकारली, तिच्यानुसार संदर्भकाळात, म्हणजे पाहणीसाठी ठरवलेल्या काळात, मोबदल्यासाठी किमान एक तास काम केलेली व्यक्ती रोजगारात धरता येते, आणि बेरोजगार ठरण्यासाठी काम नसणे पुरेसे नसते. सर्वसाधारणपणे त्या व्यक्तीने कामाचा शोधही घेतलेला असावा लागतो. शोधून शोधून थकल्यामुळे जिने शोधणेच सोडले, ती या मोजणीत बेरोजगार राहत नाही. २०१३ च्या परिषदेने काम आणि रोजगार यांत फरक करून घरातील विनावेतन श्रमांना ‘काम’ म्हणून मान्यता दिली. दोन्ही वेळी संख्याशास्त्रज्ञ काटेकोरच होते. मधल्या काळात बदलले ते कोणाचे श्रम दिसले पाहिजेत याविषयीचे मत, आणि ते बदलण्यात स्त्रीवादी अभ्यासकांच्या दीर्घ टीकेचा मोठा वाटा होता.

आपण ‘शोषण’ ही संकल्पना वापरणार असाल, तर ठरलेल्या वेळेपेक्षा अधिक काम करून घेणे, आजारपणातील रजेचे पैसे कापणे, वेगळ्या कपात चहा देणे, यांपैकी काय काय त्या संकल्पनेत येते, हे आपल्याला मुलाखती सुरू होण्यापूर्वी ठरवावे लागेल. ते ठरवताना आपली न्यायाची कल्पना उपयोगी पडेल आणि पडावी. मात्र व्याख्या एकदा ठरली, की किती स्त्रियांच्या वाट्याला असे शोषण आले हा प्रश्न आपल्या हाती राहत नाही. विज्ञानाचे तत्त्वज्ञ अर्नेस्ट नेगल यांनी १९६१ मध्ये असाच भेद केला होता: एखादी स्थिती दिलेल्या निकषात बसते का हे सांगणे वेगळे आणि ती स्थिती निंद्य आहे असा निवाडा देणे वेगळे. प्रत्यक्षात हे दोन्ही एकमेकांत गुंततात, कधी कधी सोडवता येणार नाहीत इतके. तरीही शक्य तेथे सोडवण्याचा प्रयत्न करणे हे संशोधकाचे काम आहे.

आणखी एक टप्पा राहतो आणि पाठ्यपुस्तके त्याकडे फारसे लक्ष देत नाहीत. पुरावा कधीच संपूर्ण नसतो. मग तो ‘पुरेसा’ कधी मानायचा? तत्त्वज्ञ रिचर्ड रुडनर यांनी १९५३ मध्ये एका छोट्या लेखात असा युक्तिवाद केला, की पुरेसेपणा हा चूक झाल्यास तिचे परिणाम किती गंभीर होतील यावर अवलंबून असतो, आणि परिणामांचे गांभीर्य ठरवणे हे मूल्यांचे काम असल्यामुळे वैज्ञानिकाला वैज्ञानिक म्हणूनच मूल्यनिर्णय करावे लागतात. मागे पडलेल्या मुलांसाठीचा एखादा शिकवणीचा कार्यक्रम निरुपयोगी असताना आपण त्याला उपयुक्त म्हटले, तर पैसा वाया जातो. उपयुक्त असताना निरुपयोगी म्हटले, तर मुले एका संधीला मुकतात. दोन्ही चुका एकाच वेळी कमी करायच्या तर अधिक माहिती लागते आणि ती नेहमी मिळत नाही, तेव्हा कोणती चूक अधिक सहन करायची हे ठरवावेच लागते. खरा संबंध नसतानाही केवळ योगायोगाने तसा निकाल दिसण्याची शक्यता पाच टक्क्यांहून कमी असेल तरच तो लक्षणीय मानायचा, ही मर्यादा संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांच्या १९२५ च्या पुस्तकामुळे रुळली. ती निसर्गाने आखून दिलेली नाही. रुडनर यांना तत्त्वज्ञ रिचर्ड जेफ्री यांनी १९५६ मध्ये उत्तर दिले, की वैज्ञानिकाने गृहीतक स्वीकारू वा नाकारूच नये, फक्त त्याची संभाव्यता सांगावी आणि निर्णय इतरांवर सोडावा. हे उत्तर मला अर्धेच पटते. संभाव्यतेचा आकडा हाती येईपर्यंत अपुरी उत्तरपत्रिका वगळायची का, टोकाची नोंद धरायची का, असे असंख्य निर्णय होऊन गेलेले असतात, आणि त्या प्रत्येकात रुडनर यांचा प्रश्न लहान रूपात उभा असतो.

शिवाय काही मूल्ये संशोधनात नसावीत असे कोणीच म्हणणार नाही. मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्राम यांनी अमेरिकेतील येल विद्यापीठात १९६१ मध्ये सुरू केलेल्या प्रयोगांत, आपण दुसऱ्या माणसाला विजेचे झटके देत आहोत असे सहभागी व्यक्तींना खोटेच भासवले जात होते. आज्ञाधारकपणाविषयी त्यातून जे कळले ते मोलाचे आहे, आणि तरीही आज कोणतीही नैतिकता समिती तो प्रयोग मूळ स्वरूपात होऊ देणार नाही. ज्ञान कमी मिळाले तरी चालेल, पण माणसाला असे वागवायचे नाही, असा तो उघड मूल्यनिर्णय आहे.

सारांश म्हणून नव्हे, तर आपल्या थेट प्रश्नाचे उत्तर म्हणून सांगतो: प्रश्न निवडण्यात, संकल्पना आखण्यात, पुराव्याची पातळी ठरवण्यात आणि माणसांशी वागण्यात मूल्ये असतात व राहतील. पुराव्याच्या जागी मात्र त्यांना बसू देता येत नाही. घरकामगार स्त्रियांवर अन्याय होतो या आपल्या खात्रीमुळे आपण त्यांच्याकडे वळलात, हे योग्यच झाले. परंतु एखाद्या भागात त्यांचे वेतन आणि वागणूक आपल्या अपेक्षेपेक्षा बरी आढळली, तर तेही आपल्या प्रबंधात तेवढ्याच ठळकपणे आले पाहिजे.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. सामाजिक संशोधनातून मूल्ये वगळता येत नाहीत असे अलीकडे सर्रास वाचायला मिळते. तसे असेल तर प्रत्येक संशोधन हे संशोधकाचे मतच नव्हे काय? डाव्या संशोधकाला डावे निष्कर्ष मिळणार आणि उजव्याला उजवे, तर सामान्य वाचकाने विश्वास तरी कशावर ठेवावा?

उत्तर : आपली शंका रास्त आहे, पण ती एका गृहीतावर उभी आहे. वस्तुनिष्ठता ही संशोधकाच्या मनाची अवस्था असते, आणि तसे निर्मळ मन कोणाचेच नसल्यामुळे वस्तुनिष्ठताही नाही, असे आपण धरले आहे. विज्ञानाचे तत्त्वज्ञ कार्ल पॉपर यांनी जर्मन समाजशास्त्रज्ञांच्या १९६१ च्या ट्यूबिंगेन येथील चर्चेत याच समजुतीवर बोट ठेवले होते. विज्ञानाची वस्तुनिष्ठता एकट्या वैज्ञानिकाच्या निःपक्षपातीपणावर उभी नसते, तर एकमेकांची परखड चिकित्सा करण्याच्या परंपरेवर उभी असते, अशी त्यांची भूमिका होती. पुढे तत्त्वज्ञ हेलेन लाँजिनो यांनी १९९० मध्ये तिला अधिक नेमके रूप दिले: टीकेसाठी मान्यताप्राप्त व्यासपीठे हवीत, टीकेला प्रतिसाद द्यावा लागावा, काही समान निकष असावेत आणि कोणाचे म्हणणे ऐकायचे हे सत्तेवरून ठरू नये. या अटी जेथे जितक्या पाळल्या जातात, तेथे तितका विश्वास ठेवण्यास जागा आहे.

हे नुसते तत्त्व वाटू नये म्हणून किमान वेतनाचा वाद पाहू, कारण राजकीय मते इतकी तीव्र असलेले विषय थोडेच असतील. एप्रिल १९९२ मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याने किमान वेतन ताशी ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर केले आणि शेजारच्या पेनसिल्व्हेनियाने ते वाढवले नाही. अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर यांनी दोन्ही राज्यांतील ४१० फास्टफूड उपाहारगृहांची वाढीपूर्वी आणि वाढीनंतर पाहणी करून १९९४ मध्ये असे मांडले, की रोजगार घटल्याचे दिसत नाही. किमान वेतन वाढवले की रोजगार घटतो, या प्रचलित सिद्धान्ताला हा धक्का होता. वेतनवाढीच्या समर्थकांना आनंद झाला आणि विरोधकांना राग आला, पण पुढे जे घडले ते आनंद वा राग यांच्या जोरावर घडले नाही. डेव्हिड न्यूमार्क आणि विल्यम वॉशर या अर्थशास्त्रज्ञांनी दूरध्वनीवरील मुलाखतींऐवजी वेतनपटांच्या नोंदी वापरून उलटा निष्कर्ष काढला. कार्ड आणि क्रूगर यांनी सरकारी नोंदींच्या आधारे पुन्हा हिशेब केला आणि रोजगारावर फारसा परिणाम नसल्याचे आपले म्हणणे कायम ठेवले. दोन्ही लेख २००० मध्ये एकाच नियतकालिकात आले. वाद आजही मिटलेला नाही. तथापि, तो आता कोणत्या पातळीपर्यंतच्या वाढीने, कोणत्या क्षेत्रात आणि किती काळाने परिणाम होतो याविषयी आहे. म्हणजे प्रश्न बारीक झाला आहे, आणि दोन्ही बाजूंना काही सोपी विधाने सोडून द्यावी लागली आहेत. मतांच्या भांडणात असे होत नाही.

दुसरे उदाहरण मला अधिक बोलके वाटते, कारण त्यात मूल्य दोन्ही दिशांनी काम करते. मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स कोलबर्ग यांनी नैतिक विकासाच्या पायऱ्यांचा सिद्धान्त मांडला तो मूलतः केवळ मुलग्यांच्या अभ्यासावरून. माणसाचा विकास म्हणून मुलग्यांचा विकास चालून जावा, हे त्या वेळी बहुतेकांना खटकलेही नाही. मानसशास्त्रज्ञ कॅरोल गिलिगन यांनी १९८२ मध्ये तो दोष दाखवला आणि स्त्रिया नैतिक प्रश्नांकडे काळजी व नातेसंबंध यांच्या अंगाने पाहतात, त्यामुळे कोलबर्ग यांच्या मोजपट्टीवर त्या खालच्या ठरतात, असे प्रतिपादन केले. स्त्रीवादी दृष्टी नसती तर हा प्रश्न इतक्या जोरकसपणे उपस्थित झाला नसता, हे उघड आहे. परंतु गिलिगन यांचेही म्हणणे तपासले गेले. लॉरेन्स वॉकर यांनी १९८४ मध्ये तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा कोलबर्ग यांच्या मोजपट्टीवर स्त्री-पुरुषांत फरक क्वचितच आढळतो असे दिसले. म्हणजे मूल्याने एक आंधळा कोपरा उजेडात आणला आणि त्याच मूल्यातून आलेल्या एका विशिष्ट दाव्याला पुराव्याने मर्यादा घातली. मुलग्यांपुरता नमुना घेऊन ‘माणसा’विषयी बोलण्याची सवय मात्र पुन्हा पूर्वीइतकी सहज राहिली नाही.

आता आपल्या ‘डाव्याला डावे, उजव्याला उजवे’ या विधानाविषयी. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रकल्पात संशोधकांच्या २९ गटांना एकच माहितीसंच आणि एकच प्रश्न देण्यात आला: फुटबॉलचे पंच सावळ्या खेळाडूंना अधिक लाल कार्डे दाखवतात का? २० गटांना संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय, म्हणजे केवळ योगायोग मानणे कठीण असा, संबंध आढळला, ९ गटांना आढळला नाही. ही तफावत अस्वस्थ करणारी आहे. पण त्याहून लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी, की संशोधकांना आधी काय वाटत होते यावरून ही तफावत फारशी उलगडत नव्हती. ती आली होती विश्लेषणातील वेगवेगळ्या, आणि प्रत्येकी समर्थनीय अशा, निवडींमुळे. संशोधनातील प्रत्येक मतभेदामागे राजकारण शोधण्याची आपली सवय म्हणूनच तपासून घ्यायला हवी. पुष्कळदा कारण अधिक कंटाळवाणे असते.

वाचक म्हणून आपण काय करावे? संशोधकाचा पक्ष विचारण्याआधी त्याचे संशोधन कोणत्या निष्पत्तीमुळे चुकीचे ठरले असते, हे विचारावे. जो अभ्यास काहीही आढळले तरी त्याच निष्कर्षावर येणार होता, तो संशोधक आपल्या मताचा असला तरी बाजूला ठेवावा. संकल्पनांच्या व्याख्या दिल्या आहेत का आणि माहिती इतरांना तपासता येते का, हे पाहावे. पैसा कोणाचा हेही पाहावे, पण तो शंकेचा आरंभ समजावा. तेवढ्यावरून निकाल देऊ नये.

प्रश्न : प्रबंधाच्या आरंभी संशोधकाने स्वतःची सामाजिक पार्श्वभूमी आणि भूमिका लिहावी, असा आग्रह आमच्या विभागात धरला जातो. त्याने नेमके काय साधते?

उत्तर : या आग्रहाचे एक मूळ स्वीडिश अर्थशास्त्रज्ञ गुन्नार मिरदाल यांच्याकडे जाते. अमेरिकेतील वंशप्रश्नावरील १९४४ च्या आपल्या प्रचंड अभ्यासात त्यांनी असे सुचवले होते, की मूल्ये टाळता येत नसतील तर ती लपवू नयेत. आरंभीच स्पष्ट सांगावीत, म्हणजे वाचकाला निष्कर्ष त्या प्रकाशात तोलता येतील. सल्ला प्रामाणिक आहे. अडचण अशी, की तो आता पुष्कळदा पानभर आत्मपरिचयापुरता उरतो: मी अमुक वर्गातला, अमुक लिंगाचा, अमुक विचारांचा, आणि त्यानंतरच्या दोनशे पानांत त्याचा उल्लेखही येत नाही. असा कबुलीजबाब वाचकाला काहीच तपासू देत नाही. उलट, दोष आधीच मान्य केल्याने तो माफ झाला, असा समज मात्र करून देतो.

भूमिका लिहायचीच असेल, तर ती जेथे जेथे निर्णयावर परिणाम करते तेथे लिहावी. अमुक व्याख्या का घेतली, दुसरी घेतली असती तर आकडे किती बदलले असते, कोणत्या मुलाखती वगळल्या आणि का, हे त्या त्या प्रकरणात सांगावे. संख्यात्मक अभ्यास असेल, तर गृहीतके आणि विश्लेषणाचा आराखडा माहिती हाती येण्यापूर्वी नोंदवून ठेवण्याची जी पद्धत मानसशास्त्रात अलीकडे रुळली आहे, ती स्वीकारण्याजोगी आहे. मुलाखतींवर आधारलेल्या अभ्यासात ती जशीच्या तशी लागू पडत नाही. तेथे आपल्या मांडणीला छेद देणारी उदाहरणे मुद्दाम शोधून तीही सविस्तर द्यावीत. आणि शक्य असेल तर प्रबंधाचा मसुदा, मार्गदर्शकांखेरीज, आपल्याशी मतभेद असलेल्या एखाद्या जाणकाराला दाखवावा. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन यांनी याच कल्पनेचा विस्तार करून विरोधी मतांच्या संशोधकांनी मिळून अभ्यास आखावा आणि कोणता निकाल लागल्यास कोणी माघार घ्यायची हे आधी ठरवावे, असा पुरस्कार केला होता. विद्यार्थ्याला एवढी मोठी व्यवस्था उभारता येणार नाही, पण मसुद्याच्या समासात परक्या हाताने लिहिलेले दहा प्रश्न आत्मपरिचयाच्या पानापेक्षा अधिक उपयोगी पडतात, आणि त्या प्रश्नांना दिलेली उत्तरे प्रबंधात छापता येतात.